धपधप्याचा सडा

उंबरवणे गावाच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाचा एक मोठा सडा आहे. उन्हाळ्यात तो इतका तापतो की पाय ठेववत नाही. भाद्रपद लागला की त्याच कातळावर निळी, पिवळी, जांभळी फुलं दाटतात आणि पाऊल कुठे टाकावं ते कळत नाही. चतुर्थीच्या आधी गावातली घरंच्या घरं पोराबाळांसकट इथे येतात. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट असते, तिला इकडे माटवी म्हणतात. माटवीला बांधायला कवंडळं, कांगणी, तेरडा असलं काय काय गोळा करायचं, बरोबर आणलेलं सगळ्यांनी मिळून खायचं आणि दिवस असेतो खाली उतरायचं, असा हा दरवर्षीचा बेत. हल्ली शहरातले आईबापही पोरांना फुलं दाखवायला गाड्या काढून येतात.

आलेल्या पाहुण्यांना एक गोष्ट चमत्कारिक वाटते. जेवायला बसण्याआधी गावची माणसं पायातलं काढून कातळावर उभी राहतात आणि लहानथोर सगळे एकदम टाच आपटतात. धप धप, मग जरा थांबून पुन्हा एक धप. पाहुण्यांची पोरं खिदळतात, मोठी माणसं फोन काढतात. अशा वेळी गावातले म्हातारे दाजी घाडी काठी टेकत पुढे होतात. पायात बूट घालून सड्यावर फिरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांत सलतो. "वायच पायतणां काढा नि बसा," ते म्हणतात. "हसूचा ता मगे हसा." आणि सगळे बसले की मथुरेची हकिकत सुरू होते.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गावात मथुरा नावाची एक बाई नांदत होती. तिचा नवरा बाबल, सासू, मोठी जाऊ पारू आणि एकुलती एक मुलगी गोदी. गोदी सहा-सात वर्षांची, गोरीगोमटी, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि त्यामुळे बोलताही येत नव्हतं. तिला बोलवायचं तर मथुरा टाच आपटायची. दोनदा आपटून थांबायची, मग पुन्हा एकदा. परसात मातीत खेळणाऱ्या गोदीच्या तळव्यांना ते कळायचं आणि ती धावत यायची. मनात नसेल तर तीही तिथूनच टाच आपटून 'येत नाही' असं कळवायची. मायलेकींचं हे बोलणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

सड्यावर जायच्या दिवशी मथुरा गोदीला दरवर्षी शेजारच्या म्हातारीपाशी ठेवून जायची. त्या वर्षी गोदीने दारातच ठाण मांडलं. आईचा पदर धरला, पाय झाडले, जेवणाची टोपली उपडी केली. शेवटी बाबलनेच तिला बरोबर घ्यायला सांगितलं. "हाड तेका. एवढी पोरां येतत, ताच काय जड जाला?" पोरीचा चेहरा बघून मथुरा नाही म्हणू शकली नाही.

सड्यावर माणसं पांगतात. कोणी करवंदीच्या जाळीत शिरतो, कोणी कडेच्या झाडीत उतरतो. त्यासाठी गावाची एक जुनी रीत होती. मधूनमधून कोणीतरी लांब कुकारा द्यायचा, म्हणजे तोंडाला हात लावून 'कूऊऊ' करायचं. मग चारी दिशांनी कुकारे परत यायचे. सगळीकडून आवाज आला की सगळे सुखरूप. बापजाद्यांपासून असंच चाललं होतं आणि त्या रीतीने कधी कोणी हरवलं नव्हतं. त्या दिवशीही कुकारे गेले आणि आले. पोरांनी तर घसे फाडून साद दिली. मथुरेनेही दिली आणि निश्चिंत मनाने तेरडा खुडत राहिली. गोदी पारूबरोबर गेली होती, आणि पारूच्या बाजूने साद आली होती.

उन्हं कलायला लागली तशी माणसं जेवायला एकत्र जमली. पारू आली, तिच्यामागून तिची दोन्ही पोरं आली. मथुरेने तिच्या पाठीमागे पाहिलं. मग आणखी पाठीमागे पाहिलं.

"वयनी, गोदी खय?"

"गोदी? ता तुझ्याकडे परत धावला मा? माका वाटला तुझ्यावांगडा आसा."

"माझ्याकडे खय इला?"

"सगळ्यांनी कुकारो दिल्यांनी," कोणीतरी मागून म्हणालं. "आसतला हयच खयतरी."

तेव्हा मथुरेच्या लक्षात आलं. साद देणाऱ्यांत गोदी कधी नव्हतीच. ती असली काय, नसली काय, त्या आवाजात काही कमी झालं नसतं. सगळा गाव मुलं सांभाळत होता आणि तिच्या लेकराचा त्यात हिशेबच नव्हता. आणि ती स्वतः? आई असून तीही तो आवाज ऐकून निर्धास्त झाली होती. या गोष्टीने तिला आतून कुरतडलं.

माणसं चहूकडे धावली. "गोदीऽऽ, गोदेऽऽ," अशा हाका सड्यावर सुरू झाल्या. "हाका कित्या मारतास?" मथुरा किंचाळली. "तेका आयकाक येणा नाय!" पण भ्यालेल्या माणसाला हाक मारल्याशिवाय दुसरं काय सुचणार? माणसं हाका मारतच राहिली.

हा सडा वरून सपाट दिसतो, पण आतून पोकळ आहे. पावसाचं पाणी मुरून मुरून त्याच्या पोटात घळी झाल्या आहेत आणि त्यांची तोंडं गवताने झाकलेली असतात. पाऊस कोसळला की सड्यावरचं सगळं पाणी त्या तोंडांतून आत शिरतं आणि घळी बघता बघता भरतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून समुद्राच्या बाजूने काळं आभाळ चढताना दिसलं तेव्हा माणसांची धावपळ आणखी वाढली. बाबलने आभाळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मान वळवली. त्याचं मान वळवणं मथुरेने पाहिलं. तिला सगळं कळलं.

पोर रडत असेल, ओरडत असेल. तिला आवाज होता, शब्द नव्हते. पण सड्यावरचा वारा कानात असा घोंघावत होता की शेजारच्या माणसाचं बोलणं धड ऐकू येईना. मथुरा या जाळीकडून त्या जाळीकडे पळत होती, गवत उपटून बघत होती. कडेला सड्याच्या जागेवाल्याचा, म्हणजे इथल्या राखणदार देवाचा, शेंदूर लावलेला दगड आहे. त्याच्यापुढे तिने कपाळ टेकलं. "देवा, चेडू दी," ती म्हणाली. "परत कधी तेका उंबऱ्याभायर काढूचंय नाय. घरातच ठेवीन, दार लावून ठेवीन." असा नवस बोलली आणि कुठून काही खूण मिळावी तर तीही नाही. थेंब मात्र पडू लागले, मोठे मोठे.

ती उठली. आता तिला नवस सुचेना, देव सुचेना. घरी रोज जे करायची तेवढंच पायांनी केलं. धप धप, धप. कातळ आतून घुमला. तिने वाट पाहिली. चार पावलं पुढे गेली, पुन्हा आपटलं, पुन्हा वाट पाहिली. जांभा म्हणजे किसणीसारखा खरखरीत, टाचा सोलून निघाल्या. एवढ्या मोठ्या सड्यावर एका बाईची टाच ती कितीशी पोचणार? आणि भोवती माणसं धावत होती, त्यांच्या पावलांच्या गोंधळात तिची खूण बुडून जात होती.

"गप रवा!" ती ओरडली. सुनेचा एवढा मोठा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. जो तो जागच्या जागी थबकला. "हाका नकोत. माझे पाय बघा. मी आपटतंय तसा सगळ्यांनी आपटा. मगे कोणी हलूचा नाय."

कोणाला काही उमगलं नव्हतं. आधी उमगलं ते पारूला. तिने इतकी वर्षं घरात ते पाहिलं होतं. तिने लुगडं वर खोचलं आणि जावेशेजारी येऊन उभी राहिली. मग बाबल आला, मग पोरं आली, मग म्हातारीकोतारीही आली. पहिल्यांदा कोणाचा मेळ जमेना, एकाचा पाय आधी, दुसऱ्याचा नंतर. मथुरा रडत रडत मोजून दाखवत होती. दुसऱ्या खेपेला जमलं. धप धप, धप. सगळा गाव त्या बहिऱ्या पोरीच्या भाषेत एकच शब्द बोलला. सड्याच्या पोटातून असा घुमारा उठला की जाळीतली पाखरं उडाली, असं सांगतात.

मग सगळे स्तब्ध. पाऊस डोक्यावर पडत होता, पण कोणी पदरसुद्धा सारखा केला नाही. मथुरा गालाने कातळाला चिकटून पालथी पडली होती. काही नाही. पुन्हा आपटलं. काही नाही. तिसऱ्यांदा आपटलं.

आणि तिच्या गालाला कळलं. कानाला नाही, गालाला. खालून कोणीतरी दगडाने ठोकत होतं. दोनदा, थांबून एकदा. मग पुन्हा पुन्हा, रागारागाने, जीव खाऊन.

त्या ठोक्यामागे मथुरा पोटावर सरकत गेली. जिथे तो मोठा झाला तिथे गवत उपटलं, तर खाली घळीचं तोंड निघालं. बायकांनी लुगडी सोडून, गाठी मारून दोर केला. बाबल आत उतरला, तेव्हा पाणी गोदीच्या कमरेला लागलं होतं. तिच्या मुठीत दगड होता आणि तो ती सोडायला तयार नव्हती. वर आल्यावर ती आईच्या गळ्यात पडली नाही. भिजल्या अंगाने तिच्यासमोर उभी राहिली आणि दात ओठ खाऊन टाच आपटली, पुन्हा पुन्हा. इतका वेळ कुठे होतीस, असं ती विचारत होती, हे त्या दिवशी सगळ्या गावाला समजलं. मथुरेने तिचे पाय छातीशी धरले आणि हंबरडा फोडला.

खाली उतरण्याआधी ती पुन्हा जागेवाल्याच्या दगडापुढे गेली. आता ती पोरीला घरात कोंडणार, असं सगळ्यांना वाटलं. सासूबाई म्हणाल्याही, "नवस बोललंस तो फेड." मथुरा म्हणाली, "तो नवस भियान बोलल्लंय. देवा, तो माका परत दी. मी हिका दरवर्सा हय हाडीन. आणि हिका कळात तशी साद दिल्याशिवाय गाव हय घास खावचो नाय." देवाने तिचं ऐकलं म्हणे. गावाने तर ऐकलंच.

मथुरेच्या टाचांचं रक्त लागून इथला कातळ तांबडा झाला, असंही सांगतात. जांभा तसाही तांबडाच असतो, हे दाजींना कोणी सांगायला नको. पण पाहुण्यांना एक डाग ते बोटाने दाखवतात.

आजही या सड्यावर कुकारा देऊन भागत नाही. पानं मांडली की सगळे उठतात, अनवाणी उभे राहतात आणि टाचा आपटतात. मग सगळे थांबतात. जमलेल्यांत जे सगळ्यात धाकटं उभं राहणारं मूल असेल, त्याने आपल्या पायाने उत्तर द्यायचं असतं. तोवर कोणी बसायचं नाही, बोलायचं नाही. धाकटी मुलं ती, त्यांना काय? एखादं फुलाकडे बघत बसतं, एखादं बोट चोखतं, एखादं लबाड मुद्दाम उशीर लावतं. त्याची आई शेजारीच उभी असते, हाताने पोराला चाचपू शकते, सगळं दिसत असतं. तरी त्या वेळी तिचा चेहरा बघवत नाही. दाजी तर पाठच फिरवतात. आणि ते चिमुकलं पाऊल एकदाचं कातळावर पडतं, तेव्हा पाहुण्यांतल्या बायकाही आपापल्या पोरांना ओढून जवळ घेतात.

"आता जेवा," पाठमोरेच दाजी म्हणतात.