राजाच्या घशातलं जातं

एकदा काय झालं, उंबरनगराला शत्रूने वेढा घातला. पांघरुणं ओढून घ्या आधी, मग सांगते.

राजा होता महाहट्टी. आधी त्याने घराघरातली तांब्याची भांडी नेली, तोफा ओतायला. लोक गप्प बसले. मग दारं उखडून नेली, तटाला टेकू द्यायला. लोक कुरकुरले, पण बसले. मग म्हणाला, आता जाती आणा, तटावरून शत्रूच्या डोक्यात घालू. अरे, जातं नाही तर पीठ कुठलं, आणि पीठ नाही तर भाकरी कुठली? पोरं कच्ची ज्वारी चावून रडायला लागली.

त्या नगरात भिवरा नावाची पाथरवटीण होती. जातं बोथटलं की टाकीने ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करायचं, हे तिचं काम. तिच्या नवऱ्याने, कोंडाजीने, जातं देणार नाही म्हणून सांगितलं. मग काय? शिपायांनी जातंही नेलं आणि त्यालाही. बुरजावर बांधला, दिवस मावळला की ढकला म्हणून हुकूम.

तेवढ्यात तिलाच राजवाड्यातून बोलावणं आलं. राजाने स्वतःचं जातं तेवढं ठेवलेलं, आणि ते बोथटलेलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! ती टाकी लावत बसली. बाहेर माणसं जमत होती. बायकांच्या हातात मुसळं, पुरुषांच्या हातात कोयते. ओरडा वाढत होता. राजाने माहुताला बजावलं, मी हुकूम दिला की गर्दीवर हत्ती सोड. भिवराने ते ऐकलं. त्या गर्दीत तिची म्हातारी सासू होती.

मग दळण झालं, भाकरी झाली. आता टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ कुणी खात नाही, त्यात दगडाची कच असते. ते मातीला द्यायचं असतं. भिवरा भीत भीत म्हणाली, "महाराज, पहिलं पीठ धरतीचं. खाऊ नका."

राजाला वाटलं, ही आपल्या तोंडचा घास काढते. राजाने कधी दळलंय, की त्याला कळावं? त्याने अख्खी भाकरी खाल्ली, सज्जात गेला आणि हुकूम द्यायला तोंड उघडलं.

तोंडातून काय निघालं? घर्रर्र, घर्रर्र. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उघडलं, तर तटावरची सगळी जाती आपोआप फिरायला लागली, आणि बुरूज हादरला. माहूत पळाला. सूर्य टेकला होता, आणि बुरजावर कोंडाजी डोळे मिटून उभा होता.

राजा घाबरून भिवराच्या पायाशी बसला. भिवराही घाबरलेलीच, पण बोलली.

"माझा माणूस सोडा. आणि ज्याचं जातं त्याच्या घरी जाऊ द्या."

मग राजाने आपल्या हाताने कोंडाजीचे दोर सोडले. एकेक जातं घरी गेलं, तसतशी त्याच्या घशातली घरघर कमी झाली. शेवटचं राहिलं भिवराचं. ते त्याने स्वतः डोक्यावर वाहिलं. तिच्या दारात टेकवलं, तेव्हा कुठे त्याला शब्द फुटला.

"चुकलो," म्हणाला.

मग घराघरातून तटावर भाकऱ्या गेल्या. पोटभर जेवलेले शिपाई असे लढले, की आठ दिवसांत शत्रूने तंबू गुंडाळले. आणि तेव्हापासून त्या नगरात चाल पडली. राजाने हुकूम द्यायच्या आधी एक पायली दळायचं. अर्धे हुकूम तिथेच विरतात म्हणे.

दळण सरलं, जात्यावर फडकं पडलं, सगळे आपापल्या घरी सुखात आहेत. मिटा आता डोळे.