शंभरांच्या गुणाकाराचा शेवटचा आकडा

सावकाश सांगतो, घाई करू नका. निंबगावच्या दरबारी त्र्यंबकशास्त्र्यांनी एकापासून शंभरापर्यंतचे सगळे आकडे एकमेकांशी गुणले. सहा महिने लागले, दोन बैलगाड्या कागद भरले. मग त्यांनी भर दरबारात मुदपाकखान्याच्या मुख्य आचारीण सोनकाबाईंना गाठलं.

"अडाणी बाई राजाच्या चुलीपुढं कशाला? माझ्या गुणाकाराचा शेवटचा आकडा सांग, नाहीतर मुदपाकखाना सोड!"

"शून्य," सोनकाबाई म्हणाल्या.

शास्त्री खो खो हसले. "चार आहे, चार! कागद बघ."

"तुमचं कुठंतरी चुकलं, बुवा. त्या शंभरांत दहा आला ना? दहानं गुणलं की शेवटी शून्य बसलं. मग पुढं कशानंही गुणा, ते हलतंय होय? आमटीत पडलेलं मीठ आहे ते!"

राजेसाहेबांनी चार-पाच गुणाकार करून पाहिले. शून्य जागचं हलेना. हसता हसता त्यांच्या डोक्यावरचा मंदील घरंगळला. "मुदपाकखाना सोनकाबाईंचाच!"

शास्त्री चिडले, "पण हिनं अख्खा गुणाकार केलाच नाही!"

"बुवा, चव बघायला मी थेंबभर तळहातावर घेते. तुम्ही सहा महिने अख्खं पातेलं पीत बसलात, तरी खारट की अळणी ते कळलं नाही!"