सर्सी म्हणा, किर्के म्हणा

एकदा एक शिष्य आपल्या गुरुजींवरच भयंकर चिडला. गुरुजी प्राचीन भाषांचे गाढे अभ्यासक. निवृत्तीनंतर ज्याला हवी त्याला घरीच ग्रीक शिकवत. आता आपल्याकडे ग्रीक शिकायला कोण मरायला जाणार? गेला तो हा एकटाच. व्हिडिओ गेम खेळता खेळता तो ग्रीक देवदेवतांच्या नादी लागला, त्या कथा मुळातून वाचाव्यात असं त्याच्या मनानं घेतलं, आणि गुरुजींच्या हाताखाली तो चांगला तयारही झाला. इथवर सगळं ठीक होतं.

पण विद्या अंगात मुरण्याआधी जिभेवर चढते, त्याला कोण काय करणार! दर रविवारी दुपारी त्याच्याकडे मृण्मयी आणि साकेत गेम खेळायला येत. दोघे त्याचे शाळेपासूनचे मित्र. गेम इंग्रजी, त्यामुळे त्यातल्या ग्रीक नावांचे उच्चारही इंग्रजी वळणाचे, आणि मित्रांच्या तोंडी तेच बसलेले. माणसांची डुकरं करणाऱ्या जादूगारणीला गेममध्ये म्हणत 'सर्सी'. "सर्सी नाही रे, किर्के!" शिष्य ओरडे. टाचेत बाण लागून मेलेल्या वीराला कुणी 'अकिलीस' म्हटलं की "अखिल्लेउस!" देवांच्या लंगड्या लोहाराला कुणी 'हिफेस्टस' म्हटलं की "हेफाइस्तोस! किती वेळा सांगायचं?" समोर राक्षस गदा उगारून उभा, साकेत बोंबलतोय, "अरे, मागं बघ, मागं!" आणि हे महाशय कंट्रोलर मांडीवर ठेवून उच्चार समजावताहेत. या शिकवणीपायी तिघांचे किती वेळा मुडदे पडले, त्याला हिशेब नाही.

हळूहळू मित्रांच्या चुका कमी झाल्या. सुधारले एकदाचे, असं शिष्याला वाटलं. तेवढ्यात मृण्मयीचा फोन आला. "या रविवारी येतो आम्ही. पुढच्या वेळेपासून मात्र साकेतकडेच खेळू म्हणतोय. आम्ही दोघंच."

"का?"

"असंच रे."

त्या 'असंच'नं शिष्याला रात्रभर टोचलं. एवढी जुनी मैत्री, आणि ती उच्चारांवरून तुटावी? तो तडक गुरुजींकडे गेला. "बरोबर सांगितलं तर लोकांना राग येतो, गुरुजी. तुम्हीच या आणि त्यांना समजावा. तुमचं तरी ऐकतील." गुरुजींनी त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि "येतो" एवढंच म्हणाले.

रविवारी गुरुजी आले. चहाचा कप हातात घेऊन सोफ्याच्या कडेला बसले. खेळ सुरू झाला.

"डावीकडून ती डुकरंवाली येतेय," मृण्मयी म्हणाली.

"तू तिला अडव. मी लंगड्या लोहाराकडून भाला आणतो," साकेत म्हणाला. "आणि तो टाचेवाला कुठं कडमडला?"

बराच वेळ असंच चाललं. अखेर गुरुजींनी विचारलं, "पोरी, ही डुकरंवाली कोण गं?"

मृण्मयीनं आधी शिष्याकडे पाहिलं. "सर्... ती नाही का, बेटावरची."

"सर्सी होय! मोठी बिलंदर बाई," गुरुजी खुशीत म्हणाले. "या सर्सीनं डुकरं करण्याआधी त्या खलाशांना खायला काय घातलं, ते दाखवतात का यात?"

झालं! मृण्मयीची कळी खुलली. ती सर्सीचं बेट दाखवू लागली, साकेत अकिलीसची टाच दाखवू लागला, आणि गुरुजी सर्सी, अकिलीस, हिफेस्टस असा बिनदिक्कत जप करत प्रश्नांवर प्रश्न विचारू लागले. शिष्याच्या कानांत कुणी तापलेलं तेल ओतावं तसं त्याला होत होतं. शेवटी पाणी देण्याच्या निमित्तानं त्यानं गुरुजींना स्वयंपाकघरात नेलं.

"गुरुजी, हे काय चालवलंय? किर्के, किर्के म्हणून माझा घसा बसेपर्यंत घोकून घेतलंत, आणि आज तुम्हीच सर्सी? त्यांच्यासमोर माझी काय किंमत राहिली?"

"तुझ्या किमतीचं पडलंय तुला!" गुरुजीही वैतागले. "तुला घोकायला लावलं, कारण तू शिकायला आला होतास. ही पोरं खेळायला आलीत. मी मघापासून कान देऊन बसलो होतो. दोघांपैकी एकानंही एक नाव घेतलं नाही. टाचेवाला म्हणे, डुकरंवाली म्हणे! अरे, ही नावं रोमनांनी मोडली, इंग्रजांनी वाकवली, खुद्द ग्रीसमध्येही आज ती जुन्या उच्चारानं कुणी घेत नाही. तरी ती जगली, कारण कुणी ना कुणी ती घेत राहिलं. तुझ्या दिवाणखान्यात येऊन मात्र त्यांचा जीव गेला. चुका कमी झाल्या म्हणतोस? त्यांनी बोलणंच सोडलं, बाबा! त्या मृण्मयीला तू मिनू म्हणतोस. तिनं कधी हाकेला ओ द्यायचं नाकारलं का?"

शिष्याचा राग अजून पुरता गेला नव्हता. तो बाहेर येऊन बसला, कंट्रोलर उचलला. पडद्यावर जादूगारीण मृण्मयीच्या पाठीमागे आली. शिष्य कडू काढा गिळल्यासारखं तोंड करून ओरडला, "मिनू, मागं सर्सी!"

मृण्मयी पडद्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिली. तेवढ्यात तिचं डुक्कर झालं. साकेत हसून हसून सोफ्यावरून खाली आला, आणि मग तिघंही हसत सुटले.

जाताना दाराशी चपला घालता घालता मृण्मयी थांबली. "ए, तिचं ते खरं नाव काय म्हणायचास रे तू?"

"किर्के."

"किर्की," ती म्हणाली.

शिष्याचं तोंड उघडलं. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. ते उघडलेलं तोंड त्यानं कसंबसं मिटलं आणि तो म्हणाला, "पुढच्या रविवारी जरा लवकर या."