टिकलीचं नाक आणि सांगणारी मैना

फार जुनी गोष्ट. सागाच्या रानात टिकली नावाचं चितळाचं पाडस होतं. कळपातली गोदाकाकू पाडसांना वासावरून वाघ ओळखायला शिकवायची. टिकलीला ते जमेना आणि पुन्हा विचारायची लाज वाटे.

मग तिची मैनेशी गट्टी जमली. मैना रानभर उडून यायची आणि वाघ कुठे आहे ते कितीही वेळा विचारलं तरी न कंटाळता सांगायची. टिकली धीट झाली. मात्र वास घेणं तिने सोडूनच दिलं.

एका सकाळी दाट धुकं पडलं.

"मैनाताई, पाणवठ्यावर जाऊ?"

"जा की, वाट मोकळी आहे," मैना नेहमीच्याच खात्रीने म्हणाली.

पाणवठ्यावर वाघ दबा धरून बसला होता. गोदाकाकूला वास आला, ती मागून ओरडली, म्हणून टिकली थोडक्यात वाचली.

"खोटं का सांगितलंस?" टिकलीने रडत विचारलं.

मैना ओशाळली. "धुक्यात काही दिसलं नाही गं. तू विचारलंस, म्हणून कालचंच सांगितलं."

गोदाकाकू रागावली नाही. "मैनेशी अबोला धरू नकोस. तिच्यामुळे तू विचारायला लागलीस."

टिकली हळूच म्हणाली, "काकू, वाघाचा वास मला अजून ओळखता येत नाही."

"मग चल, वाऱ्याकडे तोंड कर."