चांगुणेची तिथी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या पणज्यानंही जे नुसतं कानांनी ऐकलं त्या काळात, नावडखारच्या बांधावर चांगुणा राहायची. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून तो मातीचा बांध. त्याला भोक पडलं की बुजवायचं, हे तिचं काम. अक्षर तिला एक येत नव्हतं. पण भरती तिला विचारून यायची, असं म्हणतात. हसू नका, म्हणतात खरं.

एका वर्षी आश्विनात भात पिकून उभं होतं. जोशीबुवांनी देवळात पंचांग वाचलं. म्हणाले, "पुनवेनंतरच्या प्रतिपदेचा क्षय आहे. ती तिथी यंदा नाही."

चांगुणेनं मागून विचारलं, "गेली कुठं ती?"

"क्षय म्हणजे क्षय. तू आपला बांध बघ."

"गेली नाय, बुवा. चांद पलतोय. दोन सकालींच्या मधी अख्खी तिथी ओलांडतोय. दोरीला दगड बांधून फिरवा. दोरी बोटाला गुंडालत आली की दगड पलतो ना? तसा चांद जवल आला की पलतो. आनि जवल आला की दर्याला वर ओढतो. त्या दिशी शेतात उतरू नका."

लोक हसले. जी तिथीच नाही, तिचं उधाण कुठून येणार? आता बोला! क्षयाच्या त्या दिवशी चाळीस माणसं विळे घेऊन बांधाखाली उतरली. त्यांत चांगुणेची लेक अनशीही होती, पोटुशी.

भर दुपारी उधाण आलं आणि बांध फुटला. चांगुणा त्या भगदाडात पाठ लावून बसली. पाणी गळ्याशी आलं. खाली चिखलात माणसं धावत होती, पण टेकाड लांब होतं, आणि अनशी सगळ्यांच्या मागं. तेव्हा चांगुणा ओरडली, "दर्याबाबा, मला ने! पन यांना एक घटका दे!"

असं म्हणतात, दर्यानं धरणीवर हात टेकवला, कुंभार फिरतं चाक मंदावायला त्यावर ओला तळवा टेकवतो तसा. तसा तो रोजच टेकवतो हो, म्हणून तर युगायुगांनी दिवस केसभर लांबतो. त्या दिवशी मात्र त्यानं अख्खी घटका एकदम दिली. सूर्य डोक्यावर अडला. दुपार हलेना. पाणी होतं तिथंच थांबलं, आणि चाळीसच्या चाळीस माणसं टेकाडावर चढली. अनशी शेवटी चढली.

ओहोटी लागली तेव्हा भगदाड मातीनं भरलेलं होतं. चांगुणा कुठं दिसली नाही.

वर्षानं अनशी कडेवर लेकरू घेऊन जोशीबुवांकडं गेली. म्हणाली, "आयेचं श्राद्ध कंच्या तिथीला घालू?"

बुवांनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि सगळ्या गावादेखत ढसाढसा रडले. मग म्हणाले, "जी जी तिथी आम्ही नाही म्हणू, ती तुझ्या आईची."

तेव्हापासून तिथीचा क्षय आला की नावडखारात कुणी बांधाखाली उतरत नाही. घरटी एक पाटी माती बांधावर पडते. माती टाकून प्रत्येक घरची बाई वाकते आणि बांधाला सांगते, "आये, आमची सगली वर आली गो."