बंगलेवाला जामीनदार

रावसाहेब खर्डीकरांच्या खासगी विद्यापीठात गरजूंना फीमाफी होती, पण अर्जावर बंगलेवाल्या जामीनदाराची सही लागे. त्यामुळे ती आजवर कुणालाच मिळाली नव्हती. भाजीवाल्या सुलाबाईंची प्रांजल जामीनदाराचा रकाना कोराच ठेवून अर्जासह रावसाहेबांपुढे उभी राहिली.

"जामीनदार कुठंय?" रावसाहेब गुरगुरले.

"माझ्या ओळखीचे बंगलेवाले एकच, साहेब. परवा स्वागत समारंभात ते माईकवर म्हणाले, 'आजपासून तुम्ही सगळी माझी लेकरं!' म्हणून त्यांच्याकडेच आले."

रावसाहेबांनी अर्ज पुढं ओढला.

प्रांजलनं पेन पुढं केलं. "लेकीवर भरवसा असेल तर सही करा. नसेल तर तेवढं भाषण मागे घ्या."

रावसाहेबांना हसू फुटलं. त्यांनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दाराशी चाळीस लेकरं अर्ज घेऊन उभी होती. दुपारपर्यंत रावसाहेबांनी जामीनदाराची अटच काढून टाकली.