कौल देणारं चाक

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता सांगणाऱ्यालाही आठवत नाही. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं तळं होतं. तळ्याच्या बांधात एक लोखंडी दरवाजा होता आणि तो साखळीने वर ओढायला बांधावर एक भलंमोठं लोखंडी चाक बसवलेलं होतं. पाणी बेताबाहेर वाढलं की धडधाकट माणसांनी मिळून चाक फिरवायचं, दरवाजा उचलायचा आणि जास्तीचं पाणी ओढ्यात सोडून द्यायचं. बांधाच्या अगदी खाली एक वस्ती होती. तिचा सगळा जीव त्या चाकावर होता.

चाकाला एक राखणदार होता. दर अवसेला तो जुना चिकटा खरवडून काढी, चाकाचा दाता न् दाता चिंधीने पुशी, आसाला एरंडेलाचं वंगण घाली आणि साखळी सोडवून चाक एकदा फिरवून बघी. तेल खालच्या वस्तीतून येई. घरटी एक पळी, असा रिवाजच होता. राखणदाराची बायको लवकर गेली होती. त्याची एकुलती एक लेक तेलाचा बुधला धरून शेजारी उभी राही. हाताला लागलेलं वंगण ती बापाच्याच धोतराला पुशी आणि बाप लटकंच रागावे.

लेक मोठी झाली. तिचं लग्न खालच्याच वस्तीत ठरलं. मांडव, पाहुणे, मानपान यांत राखणदाराच्या दोन-तीन अवसा हुकल्या. होतं असं. लग्नघरात कुणाला कशाची शुद्ध असते?

सगळं उरकल्यावर तो बांधावर गेला. जवळच एक म्हातारा आपली हरवलेली गाय शोधत होता. "सापडेल का रे माझी गाय?" म्हातारा म्हणाला, आणि नेमकं तेव्हाच राखणदाराने चाक फिरवलं. कोरडं पडलेलं चाक मोठ्याने करकरलं. संध्याकाळी गाय आपल्या पायांनी गोठ्यात आली.

झालं! चाकाने कौल दिला, अशी गावभर बोंब झाली. दुसऱ्या दिवशी कुणी पोरीच्या लग्नाचं विचारायला आलं, कुणी नवऱ्याच्या खोकल्याचं. चाक करकरलं की होकार, नाही करकरलं की नकार. कुणी चाकाला शेंदूर फासला, कुणी नारळ फोडला, कुणी दात्यांत हळदीकुंकू आणि अक्षता भरल्या. ज्याला आजवर कुणी रामराम घातला नव्हता, त्या राखणदाराला लोक वाकून नमस्कार करू लागले. आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते आवडलं.

आता वंगण घालायचं कसं? वंगण घातलं तर चाक बोलायचं बंद होणार. मग वस्तीतून आलेलं एरंडेल त्याने चाकापुढच्या दिव्यात घालायला सुरुवात केली. दिवा अष्टौप्रहर जळू लागला. लोक म्हणाले, काय ही भक्ती!

एकदा लेक माहेरी आली. चाकापाशी जाऊन तिने आसावरून बोट फिरवलं.

"बाबा, याला तेल कधी घातलंत?"

"अगं, घालतो की. हा दिवा कशावर जळतोय?"

"दिव्यात नव्हे, आसात. कसं कण्हतंय ते!"

"कण्हतंय काय म्हणतेस? देव बोलतो तो. तेल घातलं तर गप्प होईल. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. खाली मी राहते, बाबा."

राखणदार चपापला. "बरं, घालतो पुढच्या अवसेला," तो म्हणाला. पुढची अवस आली तेव्हा बांधावर नवस फेडणाऱ्यांची रांग लागली होती. त्यानंतरच्या अवसेलाही लागली.

पुढे एके दिवशी चाक हलेना, की बोलेना. लोक म्हणाले, "देव मौनात गेला." त्यांनी शेंदराचा आणखी एक थर चढवला आणि आरती दुप्पट लांबवली. राखणदाराच्या मनात पाल चुकचुकली. पण एवढ्या लोकांसमोर देवाला खरवडायचं कसं, म्हणून तोही टाळ वाजवत उभा राहिला.

त्या भाद्रपदात पावसाने आठवडाभर उसंत दिली नाही. तळं काठोकाठ भरलं. गावातले गडी धावत आले आणि चाकाला भिडले. चाक जागचं हललं नाही. राखणदाराने नखांनी शेंदूर ओरबाडला. आत कुंकू, तांदूळ आणि गंज यांचा दगड झाला होता. त्याने दिव्यातलं तेल आसावर ओतलं. ते वरच्या वर ओघळून गेलं.

"पळा, बांध फुटतोय!" असं ओरडत तो वस्तीकडे धावला. माणसं टेकडीवर चढली. लेकही चढली, कडेवर तान्हं घेऊन. जावई मात्र मधूनच मागे फिरला, कारण गोठ्यात बैल बांधलेले होते. त्याने दावी सोडली. बैल टेकडीवर आले. तो आला नाही.

पाणी ओसरल्यावर राखणदार लेकीसमोर जाऊन बसला. ती म्हणाली, "बाबा, तेल आमच्याच घरातून येत होतं. दर महिन्याला ते स्वतः घेऊन येत होते."

एवढंच ती बोलली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला मरेपर्यंत वाटत राहिलं.

राजाने बांध नव्याने घातला, नवं चाक बसवलं. राखणदाराने राजाचे पाय धरून ते काम पुन्हा मागून घेतलं. आता तो अवसेची वाट बघत नसे, रोज चाक पुशी आणि रोज वंगण घाली. कुणी हार आणला तर म्हणे, "हार परत ने बाबा, जुनी चिंधी असली तर दे." चाक इतकं हलकं फिरे, की पाखरालाही त्याची चाहूल लागत नसे. बिचारा कान लावून ती शांतता ऐकत बसे, आणि त्याचे डोळे भरून येत. एवढंसं तर काम होतं!

तात्पर्य : जे कण्हत असेल त्याला आधी तेल द्यावं, नमस्कार मागाहून केला तरी चालतो.